हृदयासाठी मद्याची शिफारस नको

महोदय,

रोज एखादा पेग घेतला तर हृदय ठणठणीत राहते, हा समज आरोग्यविषयक सदरांतून अधूनमधून डोके वर काढतो आणि सुशिक्षित घरांतही वैद्यकीय सल्ल्याच्या थाटात सांगितला जातो. ज्या संशोधनावर तो उभा आहे त्याच्या फेरतपासणीला मात्र तेवढी प्रसिद्धी मिळत नाही, म्हणून हे पत्र.

फ्रान्सचे लोक लोणी आणि चीज भरपूर खाऊनही हृदयविकाराने तुलनेने कमी दगावतात आणि त्याचे श्रेय वाईनला असावे, अशी मांडणी फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांनी 1992 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली. थोडी पिणाऱ्यांपेक्षा अजिबात न पिणाऱ्यांना हृदयविकार अधिक, असे इतरही अनेक पाहण्यांत दिसले होते. परंतु न पिणाऱ्यांच्या त्या गटात प्रकृती बिघडल्यामुळे नाइलाजाने दारू सोडलेले लोकही धरले जात होते आणि ब्रिटनमधील संशोधक शेपर यांनी ही उणीव 1988 मध्येच, म्हणजे रेनो यांच्या लेखाच्याही आधी, दाखवून दिली होती. शिवाय पाश्चात्त्य देशांत बेताने पिणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, व्यायाम करणारा आणि वेळेवर डॉक्टर गाठणारा असतो; त्याच्या तब्येतीचे श्रेय पेल्याला का द्यावे? चीनमधील सुमारे 5 लाख लोकांच्या पाहणीत, जनुकीय घडणीमुळेच दारू न सोसणाऱ्यांचा आधार घेऊन हा प्रश्न तपासण्यात आला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, मद्याच्या प्रमाणाबरोबर रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतच गेला, आणि हृदयविकाराच्या झटक्यापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही.

आपल्याकडचे चित्र तर आधीपासूनच वेगळे होते. ‘इंटरहार्ट’ या 52 देशांतील अभ्यासात इतरत्र दिसलेला मद्याचा कथित लाभ दक्षिण आशियातील लोकांत आढळला नव्हता. (तरीही राज्यातील मद्यसेवनाच्या परवान्यात कारण म्हणून आरोग्यरक्षणच नमूद असते, हा 1949 च्या दारूबंदी कायद्याचा वारसा!)

मापाचा घोळ वेगळाच. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडील व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे 10 ग्रॅम, तर 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम असते. बिअर सौम्य म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीचा हिशेब करावा: तो चार पेगांएवढा भरतो. आठवडाभर कोरडे राहून शनिवारी सगळी कसर भरून काढणाऱ्यालाही आपण ‘मर्यादेत’ आहोत असेच वाटते, आणि अशा एकदम पिण्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात हे त्याला कोणी सांगत नाही.

मद्य हृदयासाठी हितकारक नाही, असे जागतिक हृदय महासंघाने 2022 मध्ये आणि त्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तेव्हा मद्याच्या लाभाची बातमी छापताना प्रमाण ग्रॅममध्ये द्यावे, तुलनेतील ‘न पिणारे’ कोण होते आणि संशोधनाचा खर्च कोणी केला हेही त्याच बातमीत नमूद करावे, अशी विनंती आहे.

एक वाचक, नाशिक