पटावरचे अवकाश

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांवर आलेला लेख वाचला. पत्र्याच्या मोटारी, चावीची माकडे, आगगाडीचे डबे यांना लेखात भरपूर जागा मिळाली आहे. अवकाशप्रवासावरच्या पटाच्या खेळांचा उल्लेख मात्र एका वाक्यात, आणि तोही लिलावात त्यांना किती भाव येतो एवढे सांगण्यापुरताच आला. भाव हा संग्राहकांचा विषय झाला. ज्यांना विज्ञानाच्या इतिहासात रस आहे त्यांच्या दृष्टीने हे पट वेगळ्याच कारणाने मोलाचे आहेत, आणि आपल्याकडे मुलांसाठी खेळ तयार करणाऱ्यांनी तर ते आवर्जून पाहावेत असे मला वाटते. त्यासाठी हे पत्र.

अमेरिकेतील अशा खेळांची लाट ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा सोव्हिएत संघाचा पहिला कृत्रिम उपग्रह सुटल्यानंतर आली, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९२९ मध्ये सुरू झालेल्या बक रॉजर्सच्या चित्रमालिकेवरचा पटाचा खेळ १९३४ मध्येच निघाला होता. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी दूरचित्रवाणीवरच्या ‘कॅप्टन व्हिडिओ’वर मिल्टन ब्रॅडली कंपनीने खेळ काढला, तेव्हा स्पुटनिकला अजून काही वर्षे अवकाश होता. त्या दशकातील पटांवर जी टोकदार, शेपटीवर उभी राहणारी रॉकेटे आणि जी चाकाच्या आकाराची अवकाशस्थानके दिसतात, त्यांचा उगमही बराचसा स्पुटनिकच्या आधीचा आहे. मार्च १९५२ पासून ‘कॉलियर्स’ या अमेरिकी साप्ताहिकाने रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आणि इतर तज्ज्ञांचे लेख क्रमाने छापले. त्यांत फॉन ब्राउन यांनी २५० फूट व्यासाचे फिरते स्थानक कल्पिले होते आणि चेस्ली बोनस्टेल प्रभृतींनी या लेखांसाठी तपशीलवार चित्रे रंगवली होती. खेळांच्या चित्रकारांना आयताच नमुना मिळाला. प्रत्यक्षात १९६९ मध्ये चंद्रावर जे उतरले ते चार पायांचे, कोळ्यासारखे, कुठल्याच खोक्यावर शोभून न दिसणारे यान होते. (त्या खोक्यांवर अवकाशवीर म्हणून मुलगी मला तरी अद्याप आढळलेली नाही. अवकाशात जाणारी पहिली स्त्री, सोव्हिएत संघाच्या तेरेश्कोव्हा, जून १९६३ मध्ये जाऊन आल्या, पण पहिल्या अमेरिकी स्त्रीला त्यासाठी जून १९८३ पर्यंत थांबावे लागले, हे पाहता खोक्यांनाच दोष देण्यात अर्थ नाही.)

यातला एक खेळ मी निवांतपणे हाताळला आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने शेजारच्या घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून ‘करिअर्स’ या खेळाचा संच आणला होता. जेम्स कुक ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने तो योजला आणि पार्कर ब्रदर्सने १९५५ मध्ये बाजारात आणला. तो निव्वळ अवकाशाचा खेळ नाही. पटाच्या कडेने सगळ्यांसाठी एक वाट फिरते आणि तिच्यातून शेती, राजकारण, समुद्रप्रवास, हॉलिवूड असे व्यवसायांचे आतले मार्ग फुटतात. त्यांतच एक मार्ग चंद्रावरच्या मोहिमेचा आहे, आणि तोही स्पुटनिकच्या दोन वर्षे आधी. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने प्रसिद्धी, सुख आणि पैसा यांत मिळून साठ गुणांची वाटणी स्वतःच्या मनाने करायची आणि ती कागदावर लिहून झाकून ठेवायची. ज्याची वाटणी आधी पुरी होईल तो जिंकला. आतेभावाच्या खोक्यात जुन्या डावांचे असे काही कागद तसेच राहिले होते. एकावर मुलाच्या गोल अक्षरात प्रसिद्धीपुढे पन्नास, सुखापुढे दहा आणि पैशापुढे भोपळा होता. हा गडी बहुधा चंद्राच्याच वाटेला लागला असणार. चंद्रावर का जायचे, या प्रश्नाचे १९५५ मधल्या अमेरिकी घरात काय उत्तर दिले जात असेल, ते त्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेले आहे.

पटावर किंवा खोक्यावर साल छापलेले दर वेळी सापडतेच असे नाही. अशा वेळी चित्रांवरून काळ ताडता येतो, आणि माझ्या मते या छंदाचा सर्वांत मोठा आनंद त्यातच आहे. पृथ्वी शाळेतल्या पृथ्वीगोलासारखी, खंडांच्या कडा ठसठशीत आणि ढगांचा मागमूस नाही अशी काढलेली असेल, तर पट बहुधा डिसेंबर १९६८ च्या आधीचा असतो. त्या महिन्यात अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली, डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ने पूर्ण उजळलेल्या पृथ्वीचे छायाचित्र आणले, आणि त्यानंतर ढगांवाचून पृथ्वी रंगवणे चित्रकारांना अवघड होऊन बसले. मंगळावर कालवे असतील तर पट जुलै १९६५ पूर्वीच्या समजुतीवर उभा आहे, कारण त्या महिन्यात मरिनर ४ या अमेरिकी यानाने मंगळाजवळून पाठवलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते, विवरे होती. शुक्रावर दमट अरण्य दाखवले असेल तर आणखी मागे जावे लागते. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर २ शुक्राजवळून गेले आणि तिथे अरण्य सोडाच, पाण्याचा थेंबही टिकणार नाही इतकी उष्णता असल्याचे दिसून आले. प्रश्नांच्या पत्त्यांवर गुरूला बारा चंद्र दिले असतील तर माहिती १९५१ ते १९७४ या काळातली, कारण १९७४ मध्ये तेरावा सापडला. कड्यांचा पुरावा कच्चा आहे. युरेनसची कडी १९७७ मध्ये आणि गुरूची १९७९ मध्ये उमगली, तरी चित्रकार त्यानंतरही एकट्या शनीलाच कडी देत राहिले. प्लूटोचा तर काहीच उपयोग नाही. १९३० पासून २००६ पर्यंत तो ग्रहांच्या पंगतीत होता.

एवढे कौतुक केल्यावर हेही नोंदवले पाहिजे की यांपैकी बहुतेक खेळ खेळ म्हणून सुमार होते. चकती फिरवायची, बाण थांबेल त्या आकड्याइतकी घरे पुढे जायचे, उल्कावर्षाव आला की चार घरे मागे आणि आधी चंद्रावर पोहोचेल तो जिंकला, हीच तऱ्हा. मुळात ही आपली साप-शिडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती हिंदुस्थानातून इंग्लंडात गेली आणि पुढे अमेरिकेत पोहोचली. वाटेत तिच्यातले मर्म मात्र गळून पडले. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात शिडी हा सद्गुण असतो आणि साप हा दुर्गुण. वर चढणे आणि खाली घसरणे यांना तिथे अर्थ असतो आणि तोच त्या खेळाचा नियम असतो. अवकाशाच्या पटावर शिडीच्या जागी रॉकेट आले आणि सापाच्या जागी धूमकेतू, पण नियमाचा अवकाशाशी काडीचाही संबंध उरला नाही. चित्र पुसून तिथे जंगल काढले तरी डाव तसाच खेळता येईल.

याला अपवाद आहेत आणि ते पाहण्यासारखे आहेत. वॅडिंग्टन्स या ब्रिटिश कंपनीचा १९७२ चा ‘फोर थाउजंड ए. डी.’ हा थोड्या मोठ्या मुलांसाठीचा खेळ घ्या. त्यात फासे नाहीत. एका ताऱ्यावरून निघालेला ताफा पटावरून उचलला जातो आणि तो जितक्या पाळ्या प्रवासात राहील तितका त्याचा पल्ला वाढत जातो. तो निघाला आहे हे प्रतिस्पर्ध्याला दिसते, किती वेळ झाला तेही कळते, कुठे उतरणार हे मात्र कळत नाही. अंतर म्हणजे काळ, ही गोष्ट या खेळात कुठेही शब्दांत सांगितलेली नाही, पण दोन डावांत मुलाच्या अंगवळणी पडते.

आता आपल्या बाजाराकडे वळतो. चंद्रयान ३ च्या यशानंतर मुलांसाठी अवकाशाच्या खेळांची खोकी दुकानांत दिसू लागली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मी जी उघडून पाहिली ती मात्र पुन्हा साप-शिडीच होती: शेवटच्या घरात चंद्र आणि वाटेत उपग्रह. त्यातही खेदाची बाब अशी की आपल्याच मोहिमेचा प्रवास या नियमांच्या नेमका उलट झाला होता. अपोलो ११ हे यान १६ जुलै १९६९ रोजी निघून १९ जुलैला चंद्राच्या कक्षेत होते, कारण त्यामागे सॅटर्न ५ सारखे प्रचंड रॉकेट होते. चंद्रयान ३ हे १४ जुलै २०२३ रोजी निघाले. पृथ्वीभोवती फिरत असताना पाच वेळा इंजिन पेटवून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवली गेली. १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागले, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरले आणि २३ ऑगस्टला उतरले. लहान रॉकेटात भागवण्यासाठी पत्करलेला हा लांबचा रस्ता होता. साप-शिडीच्या नियमात पृथ्वीभोवतीच्या घिरट्या म्हणजे वाया गेलेल्या पाळ्या ठरतात. आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच घिरट्यांतून चंद्र गाठला.

यावरून चांगला खेळ बेतणे अशक्य नाही. पटाच्या मध्यभागी पृथ्वी, भोवती सत्तावीस घरांचे कडे, आणि प्रत्येक फेरीअखेर त्या कड्यावरून एक घर पुढे सरकणारा चंद्र, एवढे केले तरी चंद्र हे ठरलेले घर नसून चालते लक्ष्य आहे हे मुलांना उमजेल, आणि तो जिथे पोहोचणार आहे तिथे आपण कधी निघावे याचा हिशेब ती आपसूक करू लागतील. प्रत्येकाला इंधनाच्या मोजक्या सोंगट्या द्याव्यात: घाईने जाळल्या तर लवकर पोहोचाल, पण उतरताना हात रिकामे असतील. अपयशाचा नियमही आपल्याकडे तयारच आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रयान २ चा लँडर आदळला, पण त्याचे कक्षायान काम करीत राहिले आणि चार वर्षांनी चंद्रयान ३ च्या लँडरशी त्याचा संपर्कही झाला. म्हणजे उतरण्यात चूक झाली तरी खेळाडूने पहिल्या घरात परत जाण्याचे कारण नाही. त्याचे कक्षायान गुण मिळवत राहील आणि पुढच्या यानाला मदतही करील. असा खेळ काढणाऱ्याला चित्रकारावर फार खर्चही करावा लागणार नाही.

शेवटी आपल्या वाचकांना एक विनंती. ऑक्टोबर १९६९ मध्ये चंद्रावरून आलेले तिघे अंतराळवीर मुंबईला आले होते त्या सुमारास, किंवा एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले तेव्हा, भारतात छापलेला एखादा अवकाशाचा पट कोणाच्या माळ्यावर असेल, तर तो रद्दीत घालू नये. नियम पुष्कळदा झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेले असतात, म्हणून झाकण फाटके असले तरी ते टाकू नये. घडीवर विरलेला पट चिकटपट्टीने जोडू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि छपाई खातो. पट कोणी, कुठून आणि कोणत्या साली घेतला, हे आठवत असेल तर कागदावर लिहून खोक्यात ठेवावे. राज्यातील एखाद्या विज्ञान केंद्राने किंवा संग्रहालयाने अशा पटांसाठी एक कपाट राखून ठेवण्याची तयारी दाखवली, तर त्यांच्या सूचीचे काम विनामोबदला करायला मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहेच.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे