काकू, तुमच्यामुळे जास्वंद वाचली (आणि हायपेरिकम आवरलं)

काकू,

समोर आलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय, आता वाचावंच लागेल.

मी दोन कुंड्या आणल्या होत्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणि दोन्हींवर नाव एकच, रोझ ऑफ शॅरन. मला वाटलं एकच झाड दोनदा घेतलं, गेले पैसे. पण एकातून उंच झुडूप झालं आणि दुसरं जमिनीलगत पसरत सुटलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत की अमेरिकेत हे नाव एका जास्वंदीला आहे, हिबिस्कस सिरिॲकस, आणि ब्रिटनमध्ये तेच नाव त्या पसरणाऱ्या पिवळ्या फुलांच्या हायपेरिकमला, म्हणजे हायपेरिकम कॅलिसिनमला. एवढी साधी गोष्ट, पण त्या लेबलांवर कुणीच लिहिली नव्हती.

आता खरा गुन्हा कबूल करते. थंडी संपून बाकी सगळ्या झाडांना पालवी आली तरी जास्वंद आपली काड्याच काड्या. मला माहीत असलेली जास्वंद बारा महिने हिरवी असते, त्यामुळे ही मेलीच असं धरून मी कुदळ घेऊन उभी होते, आणि तुम्ही कुंपणावरून ओरडलात, "अगं थांब!" नखाने सालीवर ओरखडा काढलात, आत हिरवंगार. "ही पानं गाळते आणि सगळ्यात उशिरा उठते, आळशी आहे, मेलेली नाही." वर छाटणीही तेव्हाच करायला लावलीत, कारण हिला फुलं नव्या फुटव्यावरच येतात. मी घाबरत घाबरत एक तृतीयांश कापली, आणि त्या वर्षी जेवढी फुलं आली तेवढी आधी कधीच नाही. एकेक फूल फार टिकत नाही, पण रोज नवीन असतंच!

म्हणजे गंमत बघा, जी बिचारी गप्प उभी होती तिला मी उपटणार होते आणि जे हायपेरिकम जमिनीखालून सगळी बाग गिळत होतं त्याला "किती गोड पिवळी फुलं" म्हणून रोज पाणी घालत होते. फुलं गोडच आहेत म्हणा, मधे पुंकेसरांचा तो ब्रशसारखा झुपका. पण ते पायवाटेच्या खालून जाऊन पलीकडे गुलाबात निघालं तेव्हा मी काय केलं तर कुदळीने खणून तुकडे तुकडे केले, आणि महिन्याभरात प्रत्येक तुकड्याचं वेगळं रोप! तुम्ही कपाळाला हात लावलात ते आठवतंय मला.

मग तुमचा बागेचा फोर्क, माती सैल करायचं ते दातेरी अवजार, आणलात. माती ओली असताना खालून सैल करायची, मूळ न तोडता ओढत जायचं, निघालेलं काही कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, आधी उन्हात कडक वाळवायचं. राहिलेल्या पट्ट्याभोवती फूटभर खोल प्लॅस्टिकची पट्टी उभी पुरायची. आणि हिवाळा सरता सरता वरचं सगळं जमिनीलगत कापून टाकायचं, म्हणजे नवीन पान ताजं येतं आणि पानांखालचे ते नारिंगी तांबेऱ्याचे ठिपकेही कापलेल्या पानांबरोबरच जातात. दोन सीझन गेले यात, एका रविवारात होणारं काम नाहीच ते, अजूनही एखादा कोंब दिसतो.

मधेच मी कुठेतरी वाचून घाबरले होते की हायपेरिकम गुरांना विषारी, ते खाऊन उन्हात गेली की कातडी भाजते. रात्री तुम्हाला मेसेज केला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की ते हायपेरिकमचीच दुसरी जात, परफोरेटम, त्याची फुलं जेमतेम 2 सेंमी आणि घोसाने, आपल्याचं एकेकटं आणि 7-8 सेंमीचं. आणि ते परफोरेटम कॅलिफोर्नियात इतकं माजलं होतं की 1940 च्या दशकात त्याची पानं खाणारे भुंगेरे सोडावे लागले. "तुझ्याकडे भुंगेरे नाहीत, फोर्क आहे, चल उठ," हे वर.

सगळं काढून टाकू नकोस असंही तुम्हीच म्हणालात. झाडाखालच्या उतारावर, जिथे दुसरं काही जगत नाही आणि माती वाहून जाते, तिथे ठेवलेला तो तुकडा आता मस्त दाट झालाय. आणि हो, जास्वंदीच्या शेंगा वाळून फुटायच्या आत तोडायच्या हेही या वर्षी लक्षात ठेवलं. मागच्या वर्षी विसरले होते तर खाली पिल्लांची शाळा भरली होती, बोटभर असतानाच उपटली म्हणून निभावलं. मावा आलाच तर नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो, ते चालूच आहे.

बाकी समोर थँक्यू म्हटलेलं तुम्हाला चालत नाही म्हणून हे पत्र हे खरंच, पण अजून एक कारण आहे. तुमच्या फोर्कचा एक दात वाकलाय. पायवाटेखालच्या त्या शेवटच्या मुळापायी. तोंडावर सांगायची हिंमत होईना. सरळ करून आणते, रविवारी.

तुमची कुंपणापलीकडची