ट्रंक कार्डांच्या सदोष जोडणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय : आमच्या प्रसूतिगृहातील ईपीएबीएक्समध्ये (आतले फोन बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्रणेत) बसवलेली ॲनालॉग ट्रंक कार्डे (बाहेरच्या टेलिफोन लाइन, म्हणजे ट्रंक, जोडणारी कार्डे)

महोदय,

आपल्या अभियंत्यांनी दि. ३ मे रोजी आमच्या ईपीएबीएक्समधील ४ लाइनचे जुने कार्ड काढून प्रत्येकी ४ पोर्टची २ नवीन ट्रंक कार्डे बसवली. स्वतःच्या मोबाइलवर एक फोन लावून पाहिला आणि 'सगळे चालू आहे' असे सांगून जॉब शीटवर माझी सही घेतली. त्या चाचणीत मुख्य दोष दिसणे शक्यच नव्हते.

रात्री ९ नंतर आमच्याकडे येणारा फोन दुसऱ्या ट्रंकवरून डॉक्टरांच्या मोबाइलकडे वळवला जातो. अशा कॉलमध्ये आतले एकही एक्स्टेन्शन (अंतर्गत फोन) नसते, त्यामुळे बोलणे संपल्यावर टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजकडून येणारा बिझी टोन ओळखूनच कार्डाला दोन्ही लाइन सोडाव्या लागतात. भारतात हा टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असा असतो. आपल्याच हेल्पलाइनने फोनवर प्रोग्रामिंग तपासून सांगितले, की नव्या कार्डांवर अमेरिकेचे, म्हणजे ४८० आणि ६२० हर्ट्‌झच्या जोड टोनचे सेटिंग राहिले आहे. परिणामी प्रत्येक कॉलमागे २ लाइन अडकून राहतात आणि चौथ्या कॉलनंतर आठही लाइन बंद पडतात. सकाळी रिसेप्शनवरच्या ताई येतात तेव्हा कन्सोलवरचे आठही दिवे लाल असतात.

दि. ६ मेच्या रात्री कळा सुरू झालेल्या एका बाईंचे यजमान अर्धा तास फोन लावत होते. शेवटी ते त्यांना रिक्षात घालून थेट फाटकाशी आले, तेव्हा डॉक्टरांना बोलवायला आमचा वॉचमन सायकलवरून धावला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्या अर्ध्या तासाची आठवण झाली की आजही माझ्या जिवाचा थरकाप होतो.

दुसरी बाब अर्थिंगची. नव्या ४ लाइन क्रोन मॉड्यूलवर (बाहेरून आलेल्या तारा जोडण्याच्या पट्टीवर) घेताना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक येणारा जादा दाब अर्थिंगकडे वळवणारे संरक्षक) बसवलेलेच नाहीत आणि अर्थिंगची हिरवी वायर टोकाला काळी टेप गुंडाळून तशीच लोंबकळत सोडली आहे. वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात तेव्हा याच लाइनवरून कार्डे जळतात, हे आपल्या माणसांना सांगायची वेळ यावी याचे वाईट वाटते.

तरी पत्र मिळाल्यापासून २ दिवसांत अनुभवी अभियंता पाठवून टोनचे सेटिंग भारतातील मानकाप्रमाणे करून द्यावे आणि आठही पोर्टवर बाहेरून आलेला फोन बाहेरच वळवून लाइन सुटते की नाही हे माझ्यासमक्ष दाखवावे. त्याच भेटीत प्रोटेक्टर व अर्थिंगचे काम पूर्ण व्हावे. त्याशिवाय मी जॉब शीटवर पुन्हा सही करणार नाही. तोवर उरलेली रक्कम आम्ही रोखून धरली आहे. अपुऱ्या अर्थिंगमुळे कार्डे जळाल्यास ती वॉरंटीत बदलून मिळतील, असे लेखी द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
प्रशासकीय अधिकारी

सोबत : जॉब शीटची प्रत, लोंबकळणाऱ्या वायरचे छायाचित्र