फक्की मारण्याआधी

चि. संदीप,
अनेक आशीर्वाद.

तू एसटीत बसलास तेव्हापासून मी प्लास्टरचा पाय पसरून पडवीत बसलोय. काल रात्री ‘तुला एकट्याला घराची आखणी जमायची नाही’ म्हणालो, ते मनात ठेवू नकोस. जमेल. फक्त चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघा मारण्याआधी कर्ण मोज.

घर 20 बाय 30. रस्त्याकडची 20 फुटांची दोरी आधी पक्की कर, ती पुन्हा हलवायची नाही. दोरी ढेकळाला नाहीतर गवताला टेकली की सरळ राहत नाही, खाली हात फिरवून बघ. मग कोपरा. तीन-चार-पाच तुला पाठ आहे, तीन आणि चार फुटांच्या बाजूंची टोकं पाच फुटांवर आली की कोपरा काटकोनात, पण तेवढ्या लहान मापावर 30 फुटांची भिंत सोडू नकोस. पाच फुटांच्या बाजूत अर्धा इंच चुकला तर कोन जवळजवळ एक अंशाने फिरतो आणि 30 फुटांवर त्याचे सव्वासहा इंच होतात. 9-12-15 घे. तीच अर्ध्या इंचाची चूक मग दोन इंचांवर राहते.

ते दोन इंच कर्णात सापडतात. दोन्ही कर्ण 36 फूट आणि साधारण पाच सूत यायला हवेत, आठ सूत म्हणजे एक इंच. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या म्हणून फसू नकोस, कललेल्या चौकोनातही त्या सारख्याच असतात. नुसते कर्ण जुळूनही भागत नाही, मागची बाजू आखूड असली तरी ते जुळतात. बाजूही हव्यात, कर्णही हवेत. फरक आला तर मागच्या दोन्ही खुंट्या एकाच दिशेला सारख्या सरकव. एकटीच सरकवलीस तर बाजूचं माप जातं. आणि तिथे उतार आहे, टेप जमिनीवर टाकून मोजू नकोस. पाणसळीत, म्हणजे आडवा समतल धर, ओळंब्याच्या लोंबत्या दोरीने माप खाली उतरव. तात्यांचा ओळंबा पिशवीत घातलाय.

पुन्हा मास्तरकी सुरू झाली माझी, माफ कर. तू दुसरीत असताना खराट्याच्या काड्या व्हॉल्व्हट्यूबने जोडून चौकोन केला होतास. तो सारखा कलंडायचा म्हणून रडलास, मग आक्काने आडवी काडी लावून दिली. त्या काडीने दोन त्रिकोण झाले आणि चौकोन हलायचा थांबला. ती काडी म्हणजेच कर्ण, बाळा.

आंब्याभोवतीच्या अष्टकोनी पाराचंही तेच. आठ बाजू सारख्या केल्या म्हणून कोन सारखे येत नाहीत, आकार चेपू शकतो. आधी 10 फुटांचा चौरस गुण्यात, म्हणजे काटकोनात आण. झाड मध्ये असल्यामुळे कर्ण मोजता येणार नाहीत, म्हणून चारही कोपरे 3-4-5 ने तपास. मग प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर 2 फूट 11 इंच एक सूत मोजून खुणा कर आणि कोपरे काप. आठही बाजू पावणेपन्नास इंचांच्या आसपास येतील आणि आतला प्रत्येक कोन 135 अंशांचा.

मालकाने घाई केली तरी नमतं घेऊ नकोस. तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मी गावभर सांगतो, तुलाच कधी सांगितलं नाही. पण पाया खोदल्यावर चूक कळली तर मजुरीही जाते आणि शब्दही. म्हणून धास्ती वाटते.

डब्यातली चटणी आज संपव, उद्या आंबेल. खुंट्या ठोकून झाल्या की दोन्ही कर्णांचे आकडे फोनवर सांग. फक्की त्यानंतर.

तुझा,
बाबा