आखेनला गेलेल्या लेकीस

चिपळूण
रविवार, 24 मे 2026

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ पडवीत बसून होतो. आई म्हणाली, झोपा आता, पोर दमली असेल. झोप काही आली नाही. पहाटे उठून तुझ्या जुन्या जर्नलमधली कोरी पानं काढली आणि लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो. कागदावर तसं होत नाही. दादा याचे फोटो काढून पाठवेल. सावकाश वाच, लगेच उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आधी माझी चूक कबूल करतो. ताप आहे का म्हणून तीनदा विचारलं, तू तीनदा नाही म्हणालीस, चौथ्यांदा विचारायला नको होतं. "बाबा, मी इथे काम शिकायला आलेय, ताप मोजत बसायला नाही," असं तू म्हणालीस. लागलं मला, पण तुझं बरोबर होतं. म्हणून या पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

एसटीच्या डेपोत सगळ्यांना सांगून झालं आहे. इंटर्नशिप म्हणजे नक्की काय, असं टायर सेक्शनमधल्या एकाने विचारलं. मी म्हटलं, उमेदवारी. आपण आयटीआय झाल्यावर केली तीच, फक्त ही जर्मनीत करते आहे. हे बोलताना मला किती बरं वाटलं ते तुला फोनवर सांगता आलं नसतं. गणपतीपासून तू तिकडच्या प्राध्यापकांना ईमेल पाठवत होतीस. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्जाची मुदत संपायची होती आणि दसरा उलटला तरी कोणाचं बोलावणं नव्हतं. तू रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाईल बघायचीस, असं तुझ्या रूमवरची मुलगी आईला म्हणाली होती. आम्हाला मात्र तू "येईल हो" एवढंच सांगायचीस. डाड या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं त्या दिवशी मी गाडीखाली होतो. वर येऊन हात पुसेपर्यंत दादाने सगळ्या डेपोला सांगितलं होतं.

आमची उमेदवारी तुला ठाऊक आहे, पण पुन्हा सांगतो. 1996 साली मी दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. पहिले दोन महिने नटबोल्ट डिझेलमध्ये धुवायचे आणि चिंधीने पुसून ट्रेमध्ये लावायचे, एवढंच काम. मला वाटायचं, याच्यासाठी घर सोडून आलो का? तिसऱ्या महिन्यात फोरमन म्हणाले, हा बोल्ट कुठला सांग. मी न बघता, हातात घेऊन सांगितला. त्या दिवसापासून इंजिनाला हात लावू दिला. तेव्हा तुला तिथे मशिन पुसायला सांगितलं, नोंदवही भरायला बसवलं, तर कंटाळू नकोस. आणि समजलं नाही तर विचार. दहा आठवड्यांसाठी आलेल्या मुलीला सगळं येतं असं तिथे कोणीच धरून चालत नसेल.

बंटीचंही तुझ्या कानावर घालतो. त्याने कुठल्याशा ऑनलाइन इंटर्नशिपला सहा हजार भरले. एका महिन्यात सर्टिफिकेट आलं, काम काहीच नाही. कॉलेजात क्रेडिट लागतात म्हणे, म्हणून त्याच्या वर्गातली निम्मी पोरं हेच करतात. मला फार वाईट वाटलं. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आम्हाला विद्यावेतन मिळायचं. थोडं होतं, पण आपण शिकत असलो तरी आपल्या हाताला मोल आहे, हे त्यातून कळायचं. शिकणाऱ्याकडूनच पैसे घ्यायचे आणि शिकवायचं काही नाही, याला उमेदवारी कसं म्हणायचं? तुझ्या वर्गातला तो मुलगा बेंगळुरूला विज्ञान अकादमीच्या फेलोशिपवर आठ आठवडे गेलाय, ती वर्ध्याची मुलगी चाकणला कंपनीत जातेय, त्या दोघांचं मला कौतुक आहे. परदेशी गेलं तरच शिकणं, असं नाही. पण तू गेलीस याचा आनंद वेगळाच आहे, तो लपवत नाही.

मागच्या रविवारी तू तुझ्या कामाबद्दल बोललीस तो अर्धा तास मी चार लोकांना सांगितला. पोलादाचा तो लहानसा नमुना, मध्ये डमरूसारखा बारीक, आणि त्याला मशिन रात्रंदिवस ओढतं-सोडतं, लाखो वेळा. एकदा ओढून मोडणार नाही एवढ्याच जोराने, तरी शेवटी मोडतो. मग मोडलेला तुकडा भिंगाखाली धरला की भरतीचं पाणी ओसरताना वाळूवर उमटतात तशा रेघा दिसतात, आणि त्या रेघांवरून माग काढत गेलं की भेग कुठून सुरू झाली तो ठिपका सापडतो. सोनू, त्या रेघा मी पाहिल्यात. मोडलेला ॲक्सल खाली काढला की एका बाजूची मोड काळपट, जुनी असते आणि उरलेली चकचकीत, नवी. आम्ही म्हणायचो, हा आधीच गेला होता, आज फक्त कळलं. त्याला शास्त्र आहे आणि ते तुझ्याच देशात, म्हणजे तू आहेस त्या देशात उभं राहिलं, हे मला पन्नाशीत तुझ्याकडून कळलं. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतरच्या काळात ऑगस्ट व्योलर नावाच्या प्रशियाच्या रेल्वेतल्या इंजिनियरने वर्षानुवर्षं ॲक्सल फिरवून फिरवून मोजमाप केलं. रेल्वेतला माणूस होता, हे ऐकून मला तो आपल्यातला वाटला.

आता तुला वाटेल बाबांची गाडी कुठे वळते आहे. वळू दे.

आपल्याकडे गाडी पिटवर घेतली की खाली उतरून स्प्रिंगचे पाटे हातोडीने वाजवून बघायचे, हे मी तुला लहानपणी दाखवलं होतं. चांगला पाटा खणखणीत वाजतो. आत भेग असेल तर बद्द वाजतो, वरून रंग कितीही नीट असू दे. तीस वर्षं मी कानाने काम केलं. काल तू "सगळं मस्त" म्हणालीस तो आवाज बद्द होता. मध्येच दोनदा फोन तोंडापासून लांब नेलास. खोकलीस ना?

झालं, आलोच विषयावर. माफ कर.

दुसरं सांगतो. तिकडे बसमध्ये कंडक्टर नसतो, दारात कोणी तिकीट विचारत नाही, म्हणून कधी बिनतिकिटाचं बसू नकोस. तपासनीस साध्या कपड्यात येतो आणि 60 युरो दंड घेतो. तू महिन्याचा पास काढलास ते उत्तम केलंस. आपल्या "आवडेल तेथे प्रवास"सारखाच, सगळ्या देशात चालतो. पण लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत तो चालत नाही, हे लक्षात ठेव. पुढच्या शनिवारी कोलोनला जाणार आहात तेव्हा साधी गाडी बघूनच चढा. बेल्जियम आणि नेदरलँड्सची हद्द मिळते त्या टेकडीवर गेलात तर पासपोर्ट जवळ असू दे. शिवाय सिग्नलवर लाल माणूस असेल तर गाडी नसली तरी थांबायचं. प्लास्टिकची पाण्याची बाटली टाकू नकोस, परत दिली की 25 सेंट मिळतात, आणि मुळात नळाचं पाणी पिण्याजोगं असताना विकत कशाला? पैसे जपून वापर, पण जेवणात काटकसर नको. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो म्हणून जागत बसू नकोस, झोप आठ तास हवी. लॅबमध्ये केस बांधून, बूट घालून…

आई मागून वाचते आहे. म्हणते, मुलगी एकवीस वर्षांची झाली, तिला बूट घालायला सांगताय. बरं, पुसतो म्हटलं तर शाई आहे. राहू दे.

निघायच्या रात्री तूप बॅगेतून काढायला लावलंस म्हणून आई रुसली होती. आता रुसवा गेला. दुधाचं काही तिकडे चालत नाही हे दादाने तिला मोबाईलवर दाखवलं. हापूसही नेऊ दिला नसता हे कळल्यावर तिला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. फणसपोळी आणि कुळथाचं पीठ खालच्या कप्प्यात आहे ते सापडलं ना? घसा धरला असेल तर पिठलं पातळ कर, वरून लसूण. घसा धरला असेल तर म्हणतोय.

तुला वाटतं मी टायफॉइडमुळे असा झालोय. नागपूरला नऊ दिवस तू एकशे तीनपर्यंतचा ताप अंगावर काढलास, पेपर दिलेस, आणि आम्हाला रोज "जेवले, झोपते" असे मेसेज पाठवलेस. दहाव्या दिवशी रूमवरच्या मुलीने फोन केला. ते मी विसरलो नाही, पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. ती आपण कधी बोललो नाही.

22 जुलै 2021. मी ब्रेकडाउन गाडीबरोबर गुहागरच्या रस्त्याला अडकलो होतो, आई पोफळीला. सकाळी तुझा फोन लागला. तू म्हणालीस, "बाबा, आपल्याकडे पायरीपर्यंतच आहे, तुम्ही यायची घाई करू नका, आजी चहा पितेय." आवाज खणखणीत होता. मी विश्वास ठेवला. मग फोन बंद, टॉवर गेले. दुसऱ्या दिवशी चिखलातून घरी पोचलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ होती. तू फोन केलास तेव्हा कमरेएवढं पाणी होतं, आणि आजीला तू आधीच माळ्यावर चढवलं होतंस, हे मला आजीने सांगितलं. तू सोळा वर्षांची होतीस. खरं सांगितलं असतंस तर मी त्या पाण्यात उतरलो असतो, हे तुला माहीत होतं. उतरलोच असतो.

त्या खोटेपणाबद्दल तुला कधी रागावलो नाही, आणि शाबासकीही दिली नाही. काय करावं हेच कळलं नाही. आज लिहितो, तू त्या दिवशी मला वाचवलंस. पण तेव्हापासून मला हेही कळलंय की आमच्या काळजीपोटी तू किती सफाईने खोटं बोलू शकतेस. माझी सगळी भीती तेवढीच आहे. परदेशाची नाही, विमानाची नाही, तू मुलांबरोबर फिरायला जातेस त्याचीही नाही. नलूआत्याही "बरी आहे" म्हणत होती.

दापोडीला असताना माझ्या डाव्या अंगठ्यावर ड्रम पडला. चूक माझीच, टेकू न लावता हात घातला. नख गेलं. त्याच रात्री आजीला पोस्टकार्ड लिहिलं, "इकडे सर्व कुशल, काळजी नसावी." दिवाळीला घरी गेलो तर आठ दिवस हात खिशात ठेवून वावरलो. भाऊबीजेला ओवाळताना नलूताईने पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. ते नख अजून वाकडंच वाढतं, तू लहानपणी त्यावर बोट फिरवायचीस. तेव्हा हे तू कुठून शिकलीस ते मी कोणाला विचारू?

आता शेवटचं, आणि हे व्याख्यान नाही. आज रविवार, तिकडे दुकानं बंद. उद्या सोमवारीही त्यांची पेंटेकॉस्टची सुट्टी आहे, म्हणजे दोन दिवस बंद. साधी पॅरासिटामॉलही तिकडे किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच मिळते. पण सुट्टीच्या दिवशी पाळीपाळीने एखादं औषधाचं दुकान उघडं असतं, त्याचा पत्ता बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर 116117, आणि जिवावरचं असेल तर 112. विम्याचा कागद लाल फाइलमध्ये पहिलाच आहे. हे सगळं काल रात्री दादाकडून शोधून घेतलं. तुला सर्दीच झाली असेल. हवा बदलली की होते. मला सर्दी सांगितलीस तरी मी सर्दीच समजेन, विमानतळावर धावत येणार नाही. पीएफमधून काढलेले पैसे तुझ्या तिकिटालाच गेलेत, मला यायचं म्हटलं तरी येता येणार नाही. तेवढ्यासाठी तरी खरं सांगायला हरकत नाही.

19 जुलैला तू परत येशील तेव्हा पाऊस जोरात असेल. मुंबईला मी येतोच. माळा साफ करून घेतलाय, दरवर्षीसारखा.

आजी विचारतेय, तिकडे तुळस असते का. काय सांगू?

तुझा,
बाबा

ता. क. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात निळा मोजा आहे, एकच. त्यात थर्मामीटर आहे. निघायच्या रात्री मी ठेवला, तुला सांगितलं नाही. आकडा काय येईल तो दादाला पाठव, माझ्याशी बोलायला नको असेल तर.