जयकरमध्ये भेटलेल्या ताईस

ताई,

तुझं नाव लिहिलं तर तू फोन करून झापशील, म्हणून नाव टाळते. पुणे विद्यापीठात स्टॅट्सला (संख्याशास्त्राला) असलेले आणि संध्याकाळी जयकर ग्रंथालयात बसणारे तुला ओळखतीलच.

सिनियरचे आभार म्हटलं की लोकांना वाटतं, नोट्स दिल्या असतील, जुने पेपर दिले असतील. तू यातलं काहीच दिलं नाहीस. पेपर मागितले तर म्हणालीस, "विभागात आहेत की, झेरॉक्स काढून घे." तू लावलीस ती सवय. लहान आकडे घ्यायचे, हाताने करून बघायचं, मगच प्रमेयावर विश्वास ठेवायचा.

सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून मी आले होते. टीवायला मार्क भरपूर होते, पण सिद्धता फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत, असा सगळा प्रवास. एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात रिअल अनॅलिसिस, लिनियर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी एकदम अंगावर आली. सीमेची (लिमिटची) एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या मला तोंडपाठ. पण आधी एप्सिलॉन (किती चूक चालेल) समोरचा देतो आणि त्याला पुरेल असा डेल्टा (किती जवळ जायचं) आपण शोधायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सगळं खापर इंग्रजीवर फोडायची. तू म्हणालीस, "बरं, मग मराठीत सांग बघू." मराठीतही सांगता येईना. त्या दिवशी माझी इंग्रजीची भीती निम्मी गेली, आणि गणिताची खरी सुरू झाली!

कमवा आणि शिका योजनेतलं माझं काम संपलं की तू पायऱ्यांवर थांबलेली असायचीस. नमुन्याचा व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप, काढताना एन वजा एकने (नमुन्यातल्या आकड्यांच्या संख्येपेक्षा एक कमीने) का भागायचं, हे मी तिथेच विचारलं होतं. पुस्तकातली बीजगणिताची आकडेमोड मला येत होती, ती मी करूनही दाखवली. तू ऐकून घेतलंस आणि वहीचं पान फाडून तीन चिठ्ठ्या केल्यास: 2, 4 आणि 6.

"हीच आपली लोकसंख्या, म्हणजे अख्खा गट. सरासरी 4. व्हेरियन्स सांग." फरकांचे वर्ग 4, 0, 4. बेरीज 8, भागिले 3. मग एक चिठ्ठी काढायची, परत टाकायची, दुसरी काढायची. अशा जोड्या नऊ होतात. प्रत्येक जोडीचा व्हेरियन्स मला काढायला लावलास, दोनाने भागून. सारखे आकडे आले तिथे 0, शेजारचे आले तिथे 1, दोन आणि सहा आले तिथे 4. नऊंची बेरीज 12, सरासरी 4 भागिले 3. खऱ्या उत्तराच्या बरोब्बर निम्मी. "आता दोनाऐवजी एकाने भाग." सगळं दुप्पट झालं आणि नेमके 8 भागिले 3 आले. चहा तोवर गार झालेला. तू एवढंच म्हणालीस, "नमुना स्वतःच्याच सरासरीपासून अंतर मोजतो, म्हणून पसारा कमी दिसतो. ती कसर भरून काढावी लागते." पुढे प्रॅक्टिकलला संगणकावर, आर या सॉफ्टवेअरमध्ये, असले नमुने 10,000 वेळा काढले, पण पटलं होतं ते त्या नऊ जोड्यांतच.

दुसरी गोष्ट पीक कापणी प्रयोगाची. आमच्या गावात माणसं यायची, एखाद्याच्या शेतात दोरी धरून तुकडा आखायची, तेवढंच पीक कापून वजन करायची. वडील म्हणायचे, "एवढ्याशा तुकड्यावरनं अख्ख्या मंडळाचा विमा ठरवतात, कसला न्याय?" मी हे हसत हसत सांगितलं, आणि तू मात्र वही उघडलीस. शेत कोणतं घ्यायचं आणि शेतातला तुकडा कुठला, हे यादृच्छिक संख्यांवरून, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखं, ठरतं. निघालेलं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे विम्यासाठी आधीच ठरवलेल्या उत्पादनाच्या पातळीशी, ताडून पाहतात. या पद्धतीत 1940 च्या दशकात मोठं काम केलं ते पांडुरंग सुखात्मे यांनी, साताऱ्याकडच्या बुध गावच्या माणसाने. आणि वडिलांचा प्रश्न तू उडवून लावला नाहीस. म्हणालीस, "पद्धत बरोबर आहे, पण मंडळात प्रयोग किती होतात आणि तुकडा खरंच चिठ्ठीप्रमाणे निवडतात का, सगळं त्यावर आहे. बाबांना सांग, पुढच्या वेळी शेजारी उभे राहून बघा." ते खरंच उभे राहतात आता. आलेल्या माणसांना ते किती आवडतं, कोण जाणे.

कोल्हापूरचा अभिमान तुला जरा जास्तच, हेही इथे नोंदवून ठेवते. मॅक्सिमम लाइकलीहूड, म्हणजे हाती आलेला नमुना सर्वांत जास्त शक्य ठरेल असा अंदाज काढायची पद्धत, शिकताना इंग्रजी पुस्तकात 'हुजूरबाजार' हे आडनाव दिसलं आणि मी थबकले. वसंत शंकर हुजूरबाजार जन्मले कोल्हापुरात, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीजकडे शिकले आणि 1953 पासून पुण्यातल्या आपल्याच विभागाचे प्रमुख होते, हे तू इतक्या थाटात सांगितलंस की जणू तुमच्या गल्लीतलेच! लाइकलीहूड समीकरणाचं सुसंगत, म्हणजे नमुना वाढेल तसं खऱ्या किमतीकडे सरकणारं, उत्तर मोठ्या नमुन्यात एकच असतं, हा त्यांचा 1948 सालचा निष्कर्ष. तो नीट कळायला मला पुढचं अख्खं सत्र लागलं.

एम.एस्सी. सोडून डेटा सायन्सचा खासगी कोर्स करावा, असं मध्ये डोक्यात आलं होतं. घरी कर्जाची बोलणीही सुरू झाली. तू रागावली नाहीस. त्यांचा अभ्यासक्रम आणि आपला शेजारी ठेवून खुणा करत गेलीस. त्यांच्याकडे जे होतं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे होतं, सिद्धतेसकट. आणि आपली वर्षाची फी त्यांच्या एका हप्त्याएवढीही नव्हती. सरकारी विद्यापीठात शौचालयाला कडी नसते, निकाल वेळेवर लागत नाहीत, हे खरंच. पण माझ्यासारखीला एवढं गणित एवढ्या पैशांत दुसरीकडे कुठे मिळालं असतं?

आता मी तासिका तत्त्वावर शिकवते. पगार विचारू नकोस. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा झाली आहे, भरतीची वाट बघतेय.

29 जूनला सांख्यिकी दिन, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस. आमच्या कॉलेजात यंदा पहिल्यांदाच साजरा करायचाय आणि पाहुणी म्हणून तुझं नाव मी प्राचार्यांना देऊन मोकळी झालेय. विषय तुझा तू ठरव, फक्त मराठीत बोल. स्वारगेटवरून एसटी आहे. मानधन नाही, पण मुक्काम आमच्याकडेच. आई भाकरी करेल, शेंगाचटणी बांधूनही देईल. गाडीची वेळ तेवढी कळव.

तुझी,
खालच्या मजल्यावरची ज्युनियर