तो शब्द मी परत घेतो

सोलापूर,
एप्रिलअखेर

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बाबा, मी ठीक आहे’ म्हणतेस, मी ‘बरं’ म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून हे पत्र.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला तू आली होतीस. अक्षता सोहळ्यासाठी सगळे संमती कट्ट्याकडे निघाले, आणि ‘मला एवढा वेळ उभं राहवणार नाही’ म्हणून तू आतल्या खोलीत जाऊन पडलीस. मी दारातून म्हणालो, ‘अगं, डॉक्टरच म्हणालेत ना सौम्य आहे, मग एवढं काय?’ तू काही न बोलता भिंतीकडे तोंड केलंस. ते तोंड फिरवणं मला चार महिने सुटलेलं नाही. तो शब्द मी परत घेतो.

मागच्या तपासणीला मी मुद्दाम पुण्याला आलो. तू रक्त द्यायला गेलीस तेव्हा डॉक्टरांना विचारलं, सौम्य म्हणजे नेमकं काय? त्यांनी नीट समजावलं. मल्टिपल स्क्लेरोसिसला, म्हणजे तुझ्या या मेंदू-मज्जातंतूंच्या एम.एस. आजाराला, सौम्य म्हणायचं ते मागे वळून बघून. आजार सुरू होऊन दहा-पंधरा वर्षं झाली आणि तरीही माणसाला फारसं अपंगत्व आलं नाही, तर म्हणायचं की याचा आजार सौम्य निघाला. तुला तीन वर्षं झाली आहेत. आज तो शब्द वापरणं म्हणजे ज्वारी पोटरीत यायच्या आधी खळं मोजायला बसणं. असे कितीतरी लोक आहेत जे वीस वर्षांनीही चालतात, फिरतात, नोकरी करतात, आणि तू त्यांच्यातली असशील ही माझी आशा आहे. पण त्यांच्यापैकी काहींना पुढे उशिरा त्रास वाढतो. बाहेरून काही दिसत नसताना मेंदूत नवा डाग उमटू शकतो, म्हणून बरं वाटत असलं तरी एमआरआय करायचा असतो. ‘बरं वाटतंय तर कॅप्सूल कशाला’ असं मी दिवाळीत म्हणालो होतो, तेही परत घेतो. पुढचा अटॅक, म्हणजे लक्षणांचा नवा झटका, टाळण्यासाठीच ती आहे. रक्ताच्या तपासण्याही चुकवू नकोस.

तुझ्या कागदावर दीड आकडा आहे. तो बघून मी खूश झालो होतो, आत्यालाही फोन करून सांगितला होता. अपंगत्व मोजायची ती शून्य ते दहाची मोजपट्टी कुर्ट्झके या अमेरिकन डॉक्टरांची, १९८३ सालची. आता कळलं, चारच्या पुढे ती बहुतेक चालण्यावर चालते: किती अंतर जाता येतं, काठी लागते का. थकवा, बोलताना शब्द न सापडणं, दुपारनंतर डोकं जड होणं, याला तिच्यात फारशी जागा नाही. म्हणजे ज्याने तुला त्या दिवशी पलंगावर पाडलं ते त्या आकड्यात नव्हतंच, आणि मी तो आकडा तुझ्यासमोर पुरावा म्हणून धरला. एम.एस.चा थकवा हा झोपेनं जाणारा थकवा नव्हे, आणि तो आळस तर नव्हेच. हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं असं म्हणणार नाही. तू सांगत होतीस.

बाकीचं मला माझ्या कामातून समजलं. तीस वर्षं मी पॉवरलूमच्या मोटारी वाइंड करतोय. तांब्याच्या तारेवर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारं पातळ आवरण, असतं, ते एखाद्या ठिकाणी खरवडलं गेलं की मोटार लगेच जळते असं नाही. थंड असताना मेगर, म्हणजे ते आवरण तपासायचा मीटर, लावला तर सगळं ठीक दाखवतो. कारखान्यात तासभर चालून तापली की लीकेज. मालक म्हणतो, ‘तुमच्या टेबलावर तर चालत होती.’ तुझंही तसंच आहे. शरीराची संरक्षण यंत्रणाच मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते, आणि जिथं ते विरळ झालंय तिथून जाणारा संदेश थोड्या उष्णतेनंही अडखळतो. अगदी अर्धा अंश पुरतो म्हणे. उठॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलंय, की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर अंधुक होते. एमआरआय नव्हता तेव्हा काही डॉक्टर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे. वाचून मला कसंतरी झालं.

पण एक फरक मोठा आहे. गरम होऊन मोटार जळते, तू जळत नाहीस. उन्हानं पाय जड झाला, डोळ्यापुढे धुकं आलं, तर थंड झाल्यावर ते उतरतं आणि त्यातून नवीन इजा होत नाही. ताप आला तरी जुनी लक्षणं डोकं वर काढतात. नवीन काही सुरू होऊन चोवीस तासांहून जास्त टिकलं, आणि ताप किंवा इन्फेक्शन नसेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन. रात्र असली तरी मला सांग. आणि तारेवर पुन्हा इनॅमल आपोआप चढत नाही, तुझं शरीर मात्र काही ठिकाणी ते वेष्टण परत चढवतं, मेंदू दुसरी वाट काढतो. तुझ्या डोळ्याची नजर बरीचशी परत आली ती त्यामुळेही.

आत्या स्थळ घेऊन आली होती. मुलाकडच्यांना काही सांगू नका म्हणाली. मी नाही म्हटलं. लपवून काही करायचं नाही, आणि तुझ्या मनात असेल तेव्हाच करायचं. तुझ्या आईची काळजी मुलांची होती. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अटॅक उलट कमी होतात, बाळंतपणानंतरचे तीन महिने जपायचे असतात. औषधाचं डॉक्टरांशी आधी ठरवावं लागतं, एवढंच. आईला हे दोनदा वाचून दाखवलं.

मेमध्ये येणार आहेस, ये. इथं पारा आत्ताच बेचाळीसला टेकलाय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचंच तिकीट काढ, ती सकाळी ऊन चढायच्या आत पोचते. मी स्टेशनवर असेन. आतल्या खोलीत मोठा कूलर बसवलाय, आपली हवा कोरडी असल्यानं तो छान चालतो. खिडकीला वाळ्याचा पडदा लावलाय. दुपारी बारा ते पाच तुला कोणी हाक मारणार नाही, पाहुणे आले तरी मी बघेन. आईने शेंगाचटणी कुटायला घेतली आहे.

एक विचारायचं होतं. डोळा दुखायला लागला तेव्हा तू पलंगावरच्या चादरीकडे बघून म्हणाली होतीस, ‘बाबा, उजव्या डोळ्यानं लाल रंग धुतल्यासारखा फिका दिसतो.’ तो अजून तसाच दिसतो का? तीन वर्षांत मी विचारलं नाही. आल्यावर सांग.

तुझा,
बाबा